ज्योतिष्याचं पान

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नव्याने रुजू झालेल्याने बिचकत बिचकत "मॅडम" अशी सुरुवात केली, की तीच म्हणे, "कात्री म्हण रे. मॅडम म्हटलंस की मला वाटतं माझ्यामागे कुणी येऊन उभं राहिलंय."

तिचं काम एका संगणकाच्या भाषेचं डॉक्युमेंटेशन सांभाळण्याचं. हे काम म्हणजे काय ते सांगायला बसलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. प्रोग्राम लिहायच्या ज्या भाषा असतात, त्यांत काही तयार हुकूम असतात. त्यांना फंक्शन म्हणतात. मजकूर द्या, अक्षरं मोजून मिळतील. आकडे द्या, लहान-मोठे लावून मिळतील. कुठल्या फंक्शनला काय द्यायचं आणि ते काय परत देतं, हे सांगणारं प्रत्येकाचं एक पान असतं. ठिकठिकाणचे प्रोग्राम लिहिणारे त्या पानांवर येतात, हवं ते उचलतात आणि जातात. आभार कुणी मानत नाही. शिव्या मात्र नेमाने घालतात.

आणि भाषाही म्हातारी होते, बरं का. फंक्शनं जुनी होतात, त्यांच्या जागी नवी, शहाणी येतात. जुनी एका फटक्यात काढता येत नाहीत, कारण त्यांच्यावर कुणाकुणाचे संसार उभे असतात. म्हणून आधी त्यांच्या पानावर, अगदी वरच्या बाजूला, एक पिवळी पट्टी लावायची: "हे फंक्शन जुने झाले आहे, वापर टाळा." काही काळाने फंक्शन भाषेतून जातं. मग पानही जायला हवं की नाही? पण जात नाही! पट्टी लावली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आपण सांगितलं, आता वाचणारा आणि त्याचं नशीब. कात्रीच्या डोक्यात तिडीक जायची ती नेमकी इथे.

त्याला कारणही तसंच होतं. लग्नाआधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथे शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं छापली जात. एका मार्गावरची दुपारची बस बंद झाली होती, पण तो रकाना काढायचा तर अख्खं पान नव्याने जुळवावं लागलं असतं. म्हणून मालकांनी तिथे एक फुली टाकली आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत टीप दिली. नेमकी तिची सख्खी आई ते वेळापत्रक बघून भर उन्हात थांब्यावर जाऊन उभी राहिली आणि चक्कर येऊन पडली. कात्री तणतणत मालकांकडे गेली, तर मालक शांतपणे म्हणाले, "टीप होती की खाली." त्या दिवसापासून "टीप होती की" म्हणणाऱ्या माणसाला ती पाण्यात पाहते.

लग्न होऊन ती ज्या घरात आली, तिथे सासरे होते नाना. नाना नोकरीला हवामान खात्यात, पण त्यांचा जीव सगळा या भाषेत. सुरुवातीला ज्या मूठभर हौशी मंडळींनी ती भाषा बांधली, त्यांतले ते एक. त्यांनी लिहिलेल्या एका फंक्शनचं त्या काळात फार कौतुक झालं. तारीख कशीही लिहून द्या, आधी दिवस द्या, आधी महिना द्या, महिन्याचं नाव अक्षरांत द्या, मध्ये टिंब द्या नाहीतर रेघ द्या, ते बरोबर ओळखायचं. त्याचं खरं नाव लांबलचक आणि रुक्ष. लोकांनी त्याचं नाव पाडलं ज्योतिषी.

आणि नानांनी ज्योतिष्याचं पान असं लिहिलं की वाह! सोपं, गोड, मध्येच एखादी कोपरखळी, आणि मधोमध एका चौकटीत तयार उदाहरण. उचला, आपल्या प्रोग्राममध्ये डकवा, लगेच चालू. कित्येकांनी प्रोग्राम लिहायला हात घातला तो त्या पानावरून. खुद्द सूनबाईसुद्धा त्यावरच शिकली. नानांनीच तिला ते वाचायला दिलं होतं, तर हिने पेन्सिलीने त्यातल्या चुका काढून परत केलं. सासूबाई धास्तावल्याच. नवी सून, आणि आल्या आल्या सासऱ्यांच्या लिखाणात चुका! नाना मात्र ते पान घेऊन घरभर नाचले. "अगं, इतकी वर्षं या चुका माझ्या नाकासमोर ठाण मांडून बसल्या होत्या!" त्यांनीच तिला डॉक्युमेंटेशनच्या मंडळींकडे नेलं आणि ओळख करून दिली, "ही आमची सून. हिच्या हातात काहीही द्या, निम्मं होऊन परत येईल."

कात्री तिथे चिकटली ती चिकटलीच. चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर दोन खोल्यांचं ऑफिस, एक पाय हलणारी खुर्ची, आणि खिडकीला टेकवलेलं टेबल. त्या टेबलाशी बसून तिने किती मेलेली पानं काढली असतील, याला गणती नाही. फक्त ज्योतिष्याच्या पानाला तिने कधी हात लावला नव्हता. नव्या आवृत्तीतून ज्योतिषी कधीच गेला होता. पण पान होतं, वर पिवळी पट्टी होती, आणि सगळ्यांसारखी तीही पुढे सरकत आली होती.

मग तो फोन आला.

फोन करणारी एका लहानशा इस्पितळातल्या औषध-भांडाराची बाई होती. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं कात्रीला नंतर वाटलं. बाई म्हणाली, "तुमच्या पानावरचं ते तारखेचं उदाहरण मी घेतलं होतं. मी काही शिकलेली प्रोग्रामवाली नाही. कुठलं औषध कधी बाद होतं ते आपोआप समजावं, म्हणून आमच्या जुन्या संगणकावर, जुन्याच आवृत्तीत, आपलं जमेल तसं करून ठेवलं होतं."

"बरं," कात्री म्हणाली.

"कंपन्या तारखा छापतात त्या ज्याच्या त्याच्या मनाला येईल तशा. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीवर सात आणि चार असे आकडे होते. सात एप्रिल. तुमच्याकडच्या त्याने वाचलं चार जुलै. बाटली बाद झाली तरी फळीवर राहिली. मे महिन्यात एका लहान पोराचं ऑपरेशन झालं, त्याला तेच थेंब दिले. डोळा सुजला, पू झाला. डोळा वाचला. पण वाचेपर्यंत आमच्यापैकी कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. मी तक्रार करायला फोन नाही केला. मला एवढंच विचारायचंय, हे वापरू नका असं तुम्ही कुठे लिहिलं होतं का?"

कात्रीच्या जिभेवर आलंच होतं, "पट्टी होती की." तिने ते वाक्य गिळलं. ती म्हणाली, "तुम्ही त्या पानावर कशा पोहोचलात, ते जसंच्या तसं मला करून दाखवाल का? मीही इकडे तेच करते."

दोघींनी फोन कानाला धरून एकदमच शोध घेतला. आणि कात्रीने आजवर कधी न बघितलेली गोष्ट बघितली. शोधातून येणारा माणूस पानाच्या माथ्यावर येतच नव्हता. तो थेट मध्ये, चौकटीपाशी उतरत होता. पिवळी पट्टी वर कुठेतरी पडद्याबाहेर, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीसारखी. डॉक्युमेंटेशनची माणसं आपली पानं वरून खाली वाचतात, कारण ती त्यांनीच लिहिलेली असतात. बाकीचं जग मध्येच उडी मारतं, हे इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मी इथे आले," बाई म्हणाली. "वर काही आहे हे मला कसं कळणार?"

"नाहीच कळणार," कात्री म्हणाली. "चूक आमची आहे. मी ते पान काढते."

फोन ठेवून ती तडक संपादकांच्या खोलीत गेली. संपादक म्हणजे तिचे वरिष्ठ. माणूस भला, पण भांडणाच्या नावाने घाम फुटणारा. सगळं ऐकून ते म्हणाले, "पट्टी लाल करू या ना."

"नको."

"बरं, मोठी करू. चौकटीच्या वर आणखी एक लावू. उघडझाप करणारी!"

"घुंगरू पण बांधा तिला," कात्री म्हणाली. "साहेब, चौकट आहे तोवर माणूस चौकटच उचलणार. पान जायला हवं. ज्यांच्याकडे जुन्या आवृत्त्या आहेत त्यांच्यासाठी जुनी पानं आपण संग्रहाच्या वेगळ्या कपाटात ठेवतोच की, तिथे जाईल. पण शोधात सापडता कामा नये, आणि समोर मांडलेल्या पानांत तर नाहीच."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडची रीत अशी, की कुठलंही पान काढायचं तर उघड चर्चेत प्रस्ताव मांडायचा. ज्याला वाटेल त्याने हरकत घ्यावी. पण पानाच्या मूळ लेखकाने हरकत घेतली आणि मागे घेतली नाही, तर पान राहतं. मग कुणी कितीही आदळआपट करो.

"मूळ लेखक कोण, हे मी तुला सांगायला नको," संपादक म्हणाले. "घरीच गोडीगुलाबीने बोलून घे ना. तुझा शब्द ते खाली पडू देणार नाहीत."

"म्हणूनच घरी बोलणार नाही," कात्री म्हणाली. "घरी ते माझे सासरे आहेत. सून मागतेय म्हणून हो म्हणतील. मला तसलं हो नकोय. पटलं तर हो म्हणावं, नाही पटलं तर भांडावं."

आणि नाना भांडले. काय भांडले म्हणता! प्रस्ताव मांडून ती संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्यांचं उत्तर येऊन पडलं होतं. "आदरणीय संपादिका, आपला प्रस्ताव वाचून खेद झाला. दोष फंक्शनचा आहे आणि तो मी केव्हाच मान्य केला आहे. नुसत्या आकड्यांवरून दिवस कोणता, महिना कोणता हे ठरत नसेल तर महिना आधी धरावा असे आम्ही ठरवले, कारण तेव्हाचे बहुतेक वापरणारे तसेच लिहीत. पुढे सारे जग येईल हे आम्हाला सुचले नाही. परंतु पानाने काय घोडे मारले? इशारा स्पष्ट आहे. वर न पाहता उचलणे हा उचलणाऱ्याचा आळस. आळशी माणसासाठी पान जाळणे मला मंजूर नाही."

त्यांची खोली आणि तिची खोली लागून. मधली भिंत अशी पातळ, की पलीकडे नाना टाइप करायला लागले की अलीकडे टकटक ऐकू येई. तिने बसून उत्तर लिहिलं, "आदरणीय महोदय," आणि पलीकडची टकटक थांबली. ते वाचत होते. मग पुन्हा सुरू झाली. असं चाललं. जेवताना दोघंही ताटात डोळे घालून बसत. नवरा जमीन-मोजणीच्या कामावर गावोगाव फिरणारा. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि "मला या भानगडीत ओढू नका, मी इथे चिखलात सुखी आहे," म्हणून हात वर केले.

शेवटी सासूबाईच कावल्या. "काय चाललंय तुमचं? भिंतीच्या या अंगाने त्या अंगाला आदरणीय काय, महोदय काय! मी मध्ये चहा घेऊन कोणत्या आदरणीयाकडे आधी जायचं?"

"मला नंतर दिला तरी चालेल," नाना घुश्शात म्हणाले.

"मलाही," कात्री म्हणाली.

"मग मीच पिते दोन्ही," म्हणून सासूबाईंनी खरंच दोन्ही कप संपवले.

तिकडे चर्चेत जुनी मंडळी धावून आली. कुणी लिहिलं, या पानाने आम्हाला वाट दाखवली. कुणी लिहिलं, हा इतिहास आहे, इतिहासाला कात्री लावू नये. आणि एका शहाण्याने लिहिलं, "सुनेनेच सासऱ्यांचं पान कापायला निघावं, यावरून काय ते समजा." ते वाचून कात्रीचे कान लाल झाले. रागाने भराभर लिहिलेलं उत्तर तिने पुसून टाकलं आणि फक्त एवढंच लिहिलं, "पान कुणाचं आहे, यावर मी काही बोलणार नाही. त्यावर येऊन पुढचा माणूस काय उचलून नेईल, एवढ्यावरच बोलेन."

त्या दिवशी ओट्याशी उभं राहून सासूबाई तिला हळूच म्हणाल्या, "मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण यांना नोकरीत कधी बढती मिळाली नाही. मानपान नाही, काही नाही. लोक यांना विचारतात ते त्या पानामुळे. माणसाकडे दाखवायला तेवढं एकच आहे गं."

"माहीत आहे, आई. पण त्या पोराचा डोळा गेला असता."

"वाचला ना पण?"

"या वेळी वाचला."

सासूबाईंनी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

कात्री मागे हटली नाही. रोज जी हरकत येई तिला उत्तर देई. कुणाला टोचून नाही, कुणाची भीड धरून नाही. पण नानांची हरकत काही हलत नव्हती, आणि ती हलत नाही तोवर बाकीच्या सगळ्या उत्तरांना कोणी भीक घालणार नव्हतं. तिचा धीर आतून सुटायला लागला होता. तरीही घरी ती एका शब्दाने बोलली नाही.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी नानांनीच तिला हाक मारली. डॉक्टरांनी त्यांना रोज रक्तदाब मोजून ठेवायला सांगितलं होतं. नुसते आकडे लिहून ठेवतील तर ते नाना कसले! त्यांनी त्या आकड्यांचा आलेख काढणारा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला होता, आणि तो काही केल्या चालेना.

"सूनबाई, जरा ये इकडे. तुमच्या या नव्या आवृत्तीला काय धाड भरलीय बघ. सकाळपासून अडून बसलीय."

तिने वाकून पाहिलं. आलेखाच्या रेघा काढायचं एक फंक्शन नानांनी वापरलं होतं. ते नव्या आवृत्तीत नव्हतंच.

"हे कुठून घेतलंत, नाना?"

"कुठून म्हणजे? डॉक्युमेंटेशनमधून! अधिकृत! मी काय रस्त्यावरून उचलून आणतो?" त्यांनी ठसक्यात ते पान उघडून दाखवलं. पडद्यावर मधोमध चौकट, तयार उदाहरण, जसंच्या तसं.

"वर काय लिहिलंय?"

"वर? वर कोण बघतं, इथे काम अडलेलं असताना!"

बोलून गेले आणि बोलल्यावर स्वतःच ऐकलं. कात्रीने हात पुढे केला नाही. नानांनीच हळूहळू पान वर सरकवलं. वर पिवळी पट्टी होती: "हे फंक्शन जुने झाले आहे, वापर टाळा." आणि कुठलं फंक्शन जुनं ठरवायचं याच्या समितीत, ही पट्टी लागली तेव्हा, नाना होते. पट्टीच्या टोकाला मंजुरी देणाऱ्याची आद्याक्षरं लिहायची पद्धत होती. तिथे नानांचीच आद्याक्षरं होती.

आता इथे दुसरी कुणी असती तर दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहिली नसती. मी तर नसतेच राहिले. कात्रीने फक्त त्या जागी नवं फंक्शन कोणतं वापरायचं ते सांगितलं आणि ती उठली. ती दारापर्यंत गेल्यावर नाना म्हणाले, "तू हे मुद्दाम घडवून आणलंस?"

"तुमचा रक्तदाब मी कसा मुद्दाम चढवीन, नाना?"

"चढवलायस की, गेले कित्येक दिवस," नाना म्हणाले. पण आवाजातला घुस्सा गेला होता.

दुपारी भिंतीपलीकडे टकटक सुरू झाली. थोडी झाली, थांबली. पुन्हा थोडी झाली. खूप वेळाने चर्चेत त्यांचं उत्तर आलं. या खेपेला त्यात आदरणीय नव्हतं. "हरकत मागे घेतो. कारण: मीही वर पाहिले नाही." बस्, इतकंच. कात्रीने ते वाचलं आणि तिला आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. आपल्या हाताने म्हातारा माणूस चारचौघांत उघडा पाडला, असं तिला वाटत राहिलं. पण तिने काम थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने पान काढायची तयारी सुरू केली.

जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नुसतं कोरं दार दाखवून चालत नाही. तिथे तिने चार ओळींचं छोटं पान लिहिलं: हे फंक्शन आता नाही, ते तारखेचा अंदाज बांधत असे आणि अंदाज चुकत असे, नवं फंक्शन वापरा, त्याला दिवस आधी की महिना आधी ते तुम्हीच सांगा, हे त्याचं उदाहरण. उदाहरण तिने अगदी माथ्यावर ठेवलं, कुठूनही उडी मारली तरी पाय त्याच्यावरच पडावा असं.

मग तिने आणखी एक ओळ लिहिली. दुसऱ्या कुणाच्या पानावर तिने असली ओळ जन्मात राहू दिली नसती. "जुने फंक्शन आणि त्याचे पान," त्यापुढे नानांचं पूर्ण नाव, "यांनी लिहिले होते. अनेकांनी आपला पहिला प्रोग्राम त्यावरूनच शिकून लिहिला." आणि नावावर बोट ठेवलं की कपाटातलं जुनं पान उघडेल, असा दुवा. त्या एका ओळीवर ती जितकी रेंगाळली तितकी अख्ख्या पानावर रेंगाळली नव्हती. संपादकांनी ती ओळ वाचली, तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिने मसुदा शेवटच्या तपासणीसाठी सगळ्यांसमोर ठेवला आणि घरी आली.

घरी येऊन ती हातपाय धुते आहे तोवर हरकत आली. "आदरणीय संपादिका, शेवटच्या ओळीस माझी हरकत आहे. ती वगळावी." खाली नानांचं नाव.

मग मात्र कात्रीचा सगळा निश्चय मोडला. ऑफिसचं घरी बोलायचं नाही म्हणे! ती तरातरा नानांच्या खोलीत गेली. "नाना, हे काय? पान घालवलं मी तुमचं, आता एक ओळसुद्धा ठेवू देणार नाही का?"

"बस," नाना म्हणाले. "त्या ओळीत दुवा आहे. माणूस तिथे जाईल. तिथे माझं पान आहे, चौकट आहे. आणि फार चांगलं लिहिलंय मी ते, खोटं कशाला बोलू. भुलेल तो. उचलेल."

"दुवा काढते. नुसतं नाव राहू दे."

"नाव वाचून शोधेल. ते पान लोकांनी हस्ते-परहस्ते किती ठिकाणी उतरवून ठेवलंय तुला माहीत नाही. सगळीकडे माझ्या नावासकट. माझं नाव टाकलं की पहिल्याने ज्योतिषीच सापडतो. मी बघितलंय ना. म्हातारपणी दुसरा काय उद्योग होता मला!"

"अहो, पण मग तुमचं असं काय राहिलं तिथे?" तिचा आवाज चिरकला. "सगळ्या भाषेत एक जागा होती तुमची."

नाना म्हणाले, "त्या इस्पितळातल्या बाईचा फोन तुला आला. पान माझं होतं, सूनबाई. तो फोन मला यायला हवा होता. तुझ्याऐवजी मी उचलला असता तर मी काय बोललो असतो, ठाऊक आहे? मी तिला आळशी म्हटलं असतं." त्यांनी खुर्ची मागे सरकवून तिला जागा करून दिली. "असला फोन पुन्हा कुणालाही येता कामा नये. काढ ती ओळ. इथेच बसून काढ, माझ्यासमोर."

ती बसली. तिची बोटं एरवी अशी चालायची की बघणाऱ्याला धडकी भरावी. आज त्यांना ओळीच्या शेवटापाशी जायलाच वेळ लागला. तिने ओळ पुसली, हरकत मान्य केल्याचं लिहिलं आणि बदल पक्का केला. पानावर आता फक्त नवं फंक्शन होतं.

नानांनी तिच्या खांद्यावरून हात पुढे घेतला. डॉक्युमेंटेशनच्या शोधाच्या चौकटीत त्यांनी एकेक अक्षर करून स्वतःचं नाव लिहिलं आणि कळ दाबली. क्षणभर चक्र फिरलं. मग पडद्यावर उमटलं, "काही सापडले नाही."

नानांनी ते मोठ्याने वाचलं. "चोख," ते म्हणाले. "अगदी चोख केलंस."

कात्रीला रडू आवरेना. ती तिथेच, त्यांच्या टेबलावर कपाळ टेकून हमसाहमशी रडली. आतून सासूबाईंनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "अहो, काय झालं तिला? काय बोललात तुम्ही?"

"काही नाही," नाना म्हणाले. "काम संपलंय तिचं. रडू दे जरा."